खोटं बोला, पण रीतीनं

पोकरच्या टेबलावर खोटं बोलायला पूर्ण मुभा आहे. हातात काडीचे पत्ते नसताना पन्नास हजारांच्या चिप्स पुढे सरकवायच्या आणि समोरच्या चांगल्या जोडीवाल्याला पळवून लावायचं, याला तिथं कुणी लबाडी म्हणत नाही. उलट नंतर जेवताना त्या चालीचं कौतुक होतं. पण त्याच माणसानं आपली पाळी यायच्या आधी पत्ते फेकले, किंवा चिप्स पुढे नेल्यासारख्या करून मागे घेतल्या, की सगळ्या टेबलाच्या कपाळाला आठ्या. पत्त्यांबद्दल हवं तेवढं खोटं बोला. पाळी, पैसे आणि चाल यांबद्दल नाही. हा फरक ज्याला उमगला त्याला बाकीचे नियम फारसे पाठ करावे लागत नाहीत, असं माझं मत झालंय.

मत झालं ते कामातून. मी कुडाळकडची. पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो जहाजावर मी आधी पोकर डीलर होते, आता फ्लोअर सुपरवायझर आहे. म्हणजे टेबलावर वाद झाला की डीलर ‘फ्लोअर!’ अशी हाक मारतो आणि मी जाऊन निवाडा करते. गावी कुणी विचारलं तर आई अजून ‘चेडू हॉटेलात कामाक आसा’ एवढंच सांगते. मी स्वतः पैसे लावून खेळत नाही. कॅसिनो जवळजवळ प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापतो, त्याला रेक म्हणतात. तो रोज स्वतःच्या हातानं कापून पेटीत टाकलेल्या माणसाला खेळाचा मोह कमी होतो.

जहाजावरच का, हे सगळेच विचारतात. गोव्यात १९७६ चा जुगारविषयक कायदा आहे. नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. म्हणून खरा डीलर, खरे पत्ते हवे असतील तर जेटीवरून छोट्या बोटीनं नदीत जावं लागतं. गंमत अशी, की पोकर मुळात नदीवरच वाढला. एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपी नदीनं वर जाणाऱ्या वाफेच्या बोटींवर तो पसरला. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॅसिनो सुरू झाले तेही नदीतल्या बोटींवरच. जुगार घरात नको, पण त्याचा कर हवा, अशा वेळी सरकारांना नदी आठवते.

गेल्या काही महिन्यांत आमच्या टेबलांवर एक वेगळीच मंडळी दिसू लागली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याआधी मोबाइलवर हजारो डाव खेळलेली मुलं आता बोटीत बसून येतात. त्यांचं गणित पक्कं असतं. कुठल्या पत्त्यांवर किती लावायचं, हे ती आमच्या जुन्या शेटजींपेक्षा कितीतरी चांगलं जाणतात. पण त्यांच्या हाताला चिप्सची सवय नाही आणि तोंडाला टेबलाची. मोबाइलवर शिष्टाचार लागतच नाही. पाळी येईपर्यंत बटणच उमटत नाही, तर पाळी चुकणार कशी? वेळ संपली की पत्ते आपोआप जातात, रक्कम आपोआप मोजली जाते, आणि तुम्ही कुणाला काय शिव्या घातल्या ते तुमच्या खोलीतच राहतं. इथं ते सगळं माणसांनी माणसांसाठी सांभाळायचं असतं.

ज्यांनी फक्त दिवाळीत तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगते. आमच्याकडे बहुतेक टेबलं टेक्सस होल्डेमची. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात आणि मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडले जातात: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचा रिव्हर. सातांतले उत्तम पाच ज्याचे, त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे. पत्ते वाटल्यावर एकदा आणि मग प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशी चार वेळा बाजी लागते. तीन पत्तीत बूट असतो तसे इथं दोन जणांनी आधीच ठरावीक पैसे लावायचे, त्यांना ब्लाइंड म्हणतात. कॅश गेममधली प्रत्येक चिप म्हणजे नोटच. स्पर्धेत चिप्स संपल्या की घरी जायचं आणि शेवटी एकच विजेता उरतो. कॅश गेमला असा शेवट नसतो. माणसं येतात, उठतात, चार दिवसांनी पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसतात. म्हणून स्पर्धेत खपून जाणारा उर्मटपणा इथं महागात पडतो.

पाळीचं एक उदाहरण घ्या. फ्लॉपनंतर तिघे उरलेत. पहिला विचार करतोय, लावू की नको. तेवढ्यात तिसरा कंटाळून पत्ते फेकतो. त्याला वाटतं, माझं काय, मी तर बाहेरच पडणार होतो. पण पहिल्याला आता फुकटात कळलं की मागे एकच माणूस उरलाय. दोघांना घाबरून जी चाल तो करणार नव्हता, ती एकावर तो बिनधास्त करतो. भुर्दंड बसतो मधल्याला, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

पत्ते टाकून बसलेल्यांची तोंडं तर अजून घातक. मधे दोन सत्ते आणि एक दुर्री उघडली. ज्यानं मघाशीच एक सत्ता फेकून दिला होता तो कपाळावर हात मारतो, ‘अरे यार!’ म्हणून टेबलावर मूठ आपटतो. झालं. सत्ते चारच असतात. दोन मधे, एक त्याचा गेला, उरला एक. आता दुसऱ्या कुणी ‘माझ्याकडे सत्ता आहे’ अशा थाटात मोठी बाजी लावली तर कोण विश्वास ठेवणार? एका उसाशानं दुसऱ्याची तयार होऊ घातलेली थाप मारून टाकली. पत्ते टाकले की चेहराही टाकायचा. जेवण मागवा, चहा प्या, पण चालू डावाबद्दल हूं नाही की चूं नाही.

आता चिप्स. सिनेमावाल्यांनी या बाबतीत लोकांना फार बिघडवलंय. पडद्यावरचा नायक डोळ्यांत डोळे घालून म्हणतो, तुझे पाच हजार मी देतो... आणि वर दहा हजार लावतो. मधली ती थांबण्याची जागा प्रेक्षकांना फार आवडते. खऱ्या टेबलावर ‘देतो’ म्हटलं की कॉल झाला, विषय संपला; वरचे दहा हजार परत उचला. कारण सरळ आहे. अर्धी चाल करून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग उरलेली अर्धी ठरवायची, हे चालत नाही. हातानं केलं तरी तेच. तीन हजार पुढे ठेवले, हात परत थप्पीकडे गेला आणि आणखी पाच हजार घेऊन आला, तर धरायचे पहिले तीनच. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. नवखा माणूस हे घाबरून करतो, जुना खेळाडू मुद्दाम. डीलरला फरक बहुतेक वेळा कळतो, पण निवाडा दोघांना एकच.

एकाच मोठ्या चिपचंही तसंच. शंभर-दोनशेच्या टेबलावर कुणी सहाशे लावले आणि पुढच्यानं न बोलता पाच हजारांची एक चिप टाकली, तर तो कॉल. चव्वेचाळीसशे परत. पाच हजारच लावायचे असतील तर चिप टेबलाला लागायच्या आधी ‘रेझ’, म्हणजे वाढवतो, म्हणा. आमच्या प्रशिक्षणात हे घोकून घेतलं होतं: आधी तोंड, मग हात. नवीन येणाऱ्यांना मी आजही तेवढंच सांगते. तोंडानं सांगितलेली रक्कम बंधनकारक, हात मागून निवांत येऊ द्या.

तोंडावरून आठवलं. आमच्याकडे एक गृहस्थ अधूनमधून येतात, बांधकामाच्या धंद्यातले, पुण्याकडचे. एका रात्री रिव्हर उघडून झालेला, समोर एक तरुण मुलगा, केरळचा असावा, त्यानं उरलेले अडतीस हजार सगळे पुढे केलेले. पाळी यांची. यांचे पत्ते पालथ्या हाताखाली, विचार चाललाय, आणि फोन वाजला. उचलला. साइटवरचा कुणी मुकादम असणार. हे म्हणाले, ‘हो हो, कॉल करतो मी.’ त्या मुलाला मराठी येत नाही. त्याला ऐकू आला तो एकच शब्द, कॉल. त्यानं पटकन आपले पत्ते उलटे केले: सलग पाचची सिक्वेन्स. गृहस्थ फोन कानाला तसाच धरून म्हणाले, ‘अरे, मैं तो फोन पे बात कर रहा था!’ डीलरनं मला हाक मारली.

नियम काय सांगतो? बोललेलं बंधनकारक. पण ते डावाला उद्देशून बोललेलं असावं लागतं. मी डीलरला विचारलं, शेजारच्या दोघांना विचारलं, सगळे म्हणाले फोन कानालाच होता. कॉल झाला नाही असा निवाडा मी दिला. त्या मुलाचे पत्ते उघडे पडले ते पडले. आता गृहस्थांनी पाहून ठरवायचं. त्यांनी अर्थातच पत्ते टाकले. नियमानं सगळं बरोबर झालं. पॉट मुलाला मिळाला, पण वरचे अडतीस हजार मिळण्याची जी शक्यता होती ती एका मुकादमाच्या फोननं खाल्ली. गृहस्थांनी निदान ‘सॉरी’ म्हणावं, एवढी टेबलाची अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘तू पत्ते दाखवायची घाई का केलीस?’ त्यानंतर तासभर त्या टेबलावर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मला विचाराल तर तासाभराचा तो अबोला माझ्या निवाड्यापेक्षा जास्त न्याय्य होता. फोनची ताकीद मी त्यांना दिलीच. डाव चालू असताना फोन आला तर पत्ते टाका आणि उठून लांब जा, नाहीतर फोन वाजू द्या.

भाषेचा मुद्दा यातच आला. टेबलावर सगळ्यांना कळेल तीच भाषा बोलायची. जगात बऱ्याच ठिकाणी डाव चालू असताना फक्त इंग्रजी असा दंडक असतो, आमच्या रूममध्ये हिंदीही चालते. मराठी मंडळींना हे जरा लागतं. दोन मित्र शेजारी बसतात आणि सहज बोलून जातात, ‘सोड रे, हा लावतोय म्हणजे असणार.’ त्यांच्या दृष्टीनं त्या नुसत्या गप्पा. बाकीच्यांच्या दृष्टीनं दोघं मिळून एकाविरुद्ध खेळताहेत. एका हातामागे एकच डोकं, हा नियम नवरा-बायको, भाऊ-भाऊ, कुणालाच सुटत नाही. माझ्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव आहे, ते वाचून लोक खूश होतात. ‘काय ताई, आज आमच्यावर राग आहे काय? पत्तेच येत नाहीत!’ डीलर असताना अशा वेळी मी हसायचे आणि उत्तर हिंदीत द्यायचे. मग एखादा रुसायचा, गोव्यात राहून मराठी विसरलीस काय म्हणून. विसरले नव्हते. पण डीलरनं एका खेळाडूशी अशा भाषेत बोलायचं जी बाकीच्या सातांना येत नाही, आणि पुढच्याच डावात त्याला दोन एक्के जायचे, मग मी कुणाकुणाची तोंडं धरणार?

आमच्या सावंतवाडीत पत्ते ही राजघराण्यानं जपलेली कला. गंजिफा गोल असते, हातानं रंगवलेली. दशावतारी जोडात एकशेवीस पत्ते. दुकानात पाहिलीत तर हात लावताना आपोआप जपून लावाल. आमच्याकडचे प्लास्टिकचे पत्ते तेवढे नाजूक नाहीत, पण त्यांच्याशी लोक कसे वागतात यावर माणूस ओळखू येतो. हरला की काही जण पत्ते भिरकावतात. एकदा पत्त्याची कड माझ्या सहकारी मुलीच्या डोळ्याखाली लागली होती. फेकणारा म्हणाला, ‘तुला थोडंच मारलं, पत्ते फेकले.’ पत्ते डीलरकडे सरकवायचे, खालून, टेबलाला लागून. भिरकावलेला पत्ता उलटला की उघडा पडतो, म्हणजे पुन्हा सगळ्यांना नको ती माहिती.

डीलरवर राग काढणाऱ्यांबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, तेव्हा प्रयत्नही करत नाही. पत्ते आम्ही वाटतो, निवडत नाही. दर अर्ध्या तासानं डीलर बदलतो. उठताना दोन्ही तळवे वर-खाली करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, बोटं फाकवून. नाक खाजलं तरी आधी हात दाखवायचे, मग नाकाला लावायचे. घरी गेल्यावरही भाजीचा चमचा खाली ठेवून मी तळवे उलटसुलट करते, मुलगी हसते. प्रत्येक टप्प्याआधी गड्डीचा वरचा एक पत्ता बाजूला टाकायचा, कारण वरच्या पत्त्यावर कुणी खूण केली असेल तर त्याला फायदा होऊ नये. एवढ्या बंदोबस्तात वाटलेल्या पत्त्यांसाठी ‘ही बाई अपशकुनी आहे’ असं ऐकावं लागतं. पुरुष डीलरला अपशकुनी कमी वेळा म्हणतात, त्याला शिवी मिळते. आणि डीलरनं उत्तर द्यायचं नसतं. टेबलावर बसलेल्या दुसऱ्या एखाद्यानं ‘बस कर’ म्हणावं लागतं. म्हणणारे असतात, आणि त्यांची नावं आम्हाला वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

नियमात बसूनही निव्वळ नीच समजली जाणारी एक गोष्ट आहे, स्लो रोल. सगळे पैसे मधे गेले, पाचही पत्ते उघडले, आता फक्त दाखवायचं. समोरच्यानं दोन जोड्या दाखवल्या. तुमच्याकडे त्याहून कितीतरी मोठा हात आहे, तुम्हाला तो पक्का माहीत आहे, आणि तरी तुम्ही मान हलवता, सुस्कारा टाकता, त्याला पॉटकडे हात नेऊ देता, आणि मग एकेक पत्ता हळूहळू उलटता. कुठलाही नियम मोडलेला नसतो. मी काहीच करू शकत नाही. पण थाप मारण्याची वेळ संपलेली असते; बाजी लावून झाल्यावर खोटं बोलण्यात मिळवायचं काही नसतं, उरतो तो फक्त दुसऱ्याला चिडवण्याचा आनंद.

इथं तीन पत्तीवाल्यांची बाजू घ्यायला हवी. आपल्याकडे पत्ते रगडत, कडेकडेनं उघडत बघण्याची मजा असते. अख्खं घर वाकून बघत असतं, आजी म्हणते दाखव रे लवकर. ती सवय घेऊन माणूस पोकरला येतो आणि निष्पापपणे तेच करतो. म्हणून मी आधी बघते: त्यानं स्वतःचे पत्ते अजून पाहिलेले नाहीत, की पाहून नाटक चाललंय? पहिल्याला बाजूला घेऊन समजावते. दुसऱ्याला टेबलच समजावतं. दाखवण्याचा क्रमही साधा आहे: रिव्हरवर शेवटची बाजी ज्यानं लावली आणि ज्याला कॉल मिळाला, त्यानं आधी दाखवायचं. आपण जिंकलोय अशी खात्री असेल तर क्रमाची वाट न बघता सरळ उघडून ठेवावं, सगळ्यांचा वेळ वाचतो. आणि पत्ते शेजाऱ्याला कौतुकानं दाखवायचे असतील तर मग सगळ्यांना दाखवायचे.

टेबल स्टेक्स हा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. डाव सुरू होताना टेबलावर जेवढे आहेत तेवढेच पैसे त्या डावात धोक्यात. मधेच खिशात हात घालायचा नाही, घड्याळ, गाडीची किल्ली, चेक काही चालत नाही. कुणी कितीही मोठी रक्कम लावली तरी तुमच्याकडे आहे तेवढ्यावर तुम्ही शेवटपर्यंत डावात राहू शकता. द्यूतसभेत हा नियम असता तर युधिष्ठिर पहिल्या काही फाशांतच रिकामा होऊन उठला असता, आणि भाऊ, पत्नी पणाला लावण्याचा प्रश्नच आला नसता. याच नियमाची दुसरी बाजू लोकांना कमी ठाऊक असते: जिंकलेले पैसे टेबलावरून उचलून गुपचूप खिशात टाकायचे नाहीत. तुम्ही माझे चाळीस हजार जिंकलात तर ते परत मिळवण्याची संधी मला, तुम्ही बसलेले असेपर्यंत, असलीच पाहिजे. उठायचं तर सगळे घेऊन उठा. मोठ्या चिप्स थप्पीत मागे दडवून ठेवणं त्याच जातीचं. मोठ्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. समोरच्याकडे नक्की किती आहे, हे न कळता माणूस बाजी कशी लावणार?

कच्च्या खेळाडूला टोमणे मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं, कारण ते स्वतःला हुशार समजत असतात. कुणीतरी अगदीच फालतू पत्त्यांवर कॉल देतो, रिव्हरला नशीब उघडतं, तो जिंकतो. लगेच समोरचा व्याख्यान देतो: या पत्त्यांवर कुणी कॉल देतं का, तुला कळतं का काही. पोकरच्या बोलीत अशा कच्च्या खेळाडूला मासा म्हणतात. आता विचार करा. हा माणूस शनिवार-रविवार मजा करायला आलाय, हरायची तयारी ठेवून आलाय. त्याच्या चुकांवरच तर तुमचं जिंकणं अवलंबून आहे. त्याला अपमान वाटला तर तो उठून रूलेटकडे जाईल. समजा तुमचं ऐकून शहाणा झाला, तर अजून वाईट. मी पाहिलेले खरे मुरलेले खेळाडू अशा वेळी ‘वेल प्लेड’ म्हणून पत्ते सरकवतात आणि त्याला चहा विचारतात. त्यात सज्जनपणा किती आणि हिशेब किती, ते मला सांगता येणार नाही.

काही गोष्टी लवकर सांगून टाकते. पॉटमध्ये चिप्स उधळायच्या नाहीत, आपल्यासमोर नीट ठेवायच्या. डीलर मोजून आत घेतो. प्रत्येक साध्या चालीला दोन-दोन मिनिटं घ्यायची नाहीत. मोठा निर्णय असेल तर खुशाल घ्या, सगळे थांबतील. सगळे पैसे लागल्यावर उरलेले पत्ते दोनदा उघडून पॉट विभागण्याची पद्धत हल्ली रूढ झाली आहे. कुणी नको म्हटलं तर आग्रह नको, तो त्याचा हक्क आहे. हरलेल्याचे पत्ते ‘दाखव, दाखव’ म्हणून मागू नयेत. ती सोय संगनमताचा संशय असेल तेव्हासाठी आहे. अंघोळ करून या. हे लिहायला लागू नये, पण चौदा तास बसलेल्या माणसाशेजारी जो बसतो त्याला विचारा.

टिपची सक्ती नसते. मोठा पॉट जिंकल्यावर एक छोटी चिप डीलरकडे सरकवली तर ती टेबलावर ठक्कन आपटून पेटीत जाते. आमच्याकडे टिप सगळ्यांची एकत्र जमा होऊन वाटली जाते, त्यामुळे ‘तुलाच देतोय हं’ असं कानात सांगून उपयोग नाही. आणि दिली म्हणून पुढचे पत्ते चांगले येणार नाहीत. हे हसत हसत बोलणारे पुष्कळ, पण त्यातले काही खरंच वाट बघत असतात.

घरगुती डावांबद्दलही लोक विचारतात. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर आपल्या न्यायालयांतही एकवाक्यता नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला, आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. तेव्हा तुमच्या फ्लॅटमध्ये काय करायचं ते वकिलाला विचारा, मला नको. नुसत्या बटणांवर किंवा शेंगदाण्यांवर खेळत असाल तर एकच सुचवते: डाव किती वाजता संपणार हे सुरुवातीलाच ठरवा. जिंकणारा लवकर उठला की चोर, हरणारा उठू देत नाही आणि यजमानाच्या बायकोला झोप नाही, हा सगळा तमाशा त्यानं टळतो. आमच्याकडेही मोठा पॉट जिंकताच उठून जाण्यावर बंदी नाही. पण रीत अशी की ‘अजून दोन फेऱ्या खेळतो’ असं आधी सांगावं, आणि त्या खेळाव्यात.

पहाटे परतीच्या बोटीत जिंकलेले, हरलेले आणि आमच्यातले ड्यूटी संपलेले काही जण एकत्रच असतात. तिथं हमखास कुणीतरी सुरू करतो: माझ्याकडे दोन राजे, त्याच्याकडे बदामची दश्शी-नश्शी, आणि रिव्हरला काय यावं... पोकर खेळणाऱ्या प्रत्येकाकडे अशा रडकथांचा साठा असतो आणि ऐकायला कुणीच तयार नसतं, कारण ऐकणारा आपली सांगायच्या तयारीत असतो. टेबलावर असताना मला त्या ऐकून घ्याव्या लागतात, तो कामाचा भाग आहे. बोटीत मी पगारावर नसते. इअरफोन लावते आणि रायबंदरचे दिवे दिसतात त्या बाजूची सीट पकडते.